०.४५ सेकंदांच्या आधी

१९३२ साली एड मॅकगिव्हर्न नावाच्या एका अमेरिकन माणसाने रिव्हॉल्व्हरमधून ०.४५ सेकंदांत पाच गोळ्या झाडल्या. अंतर होतं पंधरा फूट. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ होती.

हा आकडा जरा उलगडून बघू. समोर दिवा लागलेला दिसल्यावर बटण दाबायला आपल्याला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे मॅकगिव्हर्नला पहिल्या गोळीनंतर 'थांबावं' असं वाटलं असतं, तरी तो विचार बोटापर्यंत पोहोचेपर्यंत आणखी दोन गोळ्या निघून गेल्या असत्या. मग त्या ०.४५ सेकंदांत निर्णय नेमका कोण घेत होतं? मॅकगिव्हर्न की त्याचं बोट? आणि बोट घेत असेल, तर बोटाला तो अधिकार कधी दिला गेला?

गेली दोनेक वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. शनिवारी सकाळी एका क्लबात दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो. साठ गोळ्या, सहाशे गुण, आणि दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मेडल वगैरेचा काही प्रश्न नाही. माझ्याकडे रिव्हॉल्व्हर नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिला परवाना लागतो, आणि मला तो नकोय. पण चाप कसा ओढावा याबद्दल मिळेल ते वाचत सुटल्यावर मी रिव्हॉल्व्हरवरच्या अमेरिकन पुस्तकांपर्यंत आणि व्हिडिओंपर्यंत पोहोचलो आणि तिथेच अडकलो. कारण माझ्या वाचनात तरी बोटाच्या एवढ्याशा हालचालीबद्दल इतकं बारकाईने दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही.

त्याचं कारण यंत्रातच आहे. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच ओढीत तीन कामं होतात. सिलिंडर फिरून पुढचं काडतूस नळीसमोर येतं, घोडा मागे जातो आणि मग सुटतो. एवढं सगळं बोटाच्या जोरावर. रिव्हॉल्व्हरचं वजन असतं साधारण एक किलो, आणि चाप ओढायला जोर लागतो चार-पाच किलोंचा. जी वस्तू हवेत स्थिर धरायची, तिच्याच वजनाच्या चार-पाच पट जोर तिच्यावर लावायचा आणि तरी तिला हलू द्यायचं नाही! मराठीत सांगायचं तर सुईत दोरा ओवताना त्याच हाताने लिंबू पिळायचं.

म्हणून ही पुस्तकं सांगतात, आधी गोळीशिवाय शिका. याला ड्राय फायर म्हणतात. रिव्हॉल्व्हर रिकामी आहे हे दोनदा तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत चाप ओढायचा. पुढची साइट हलली का? हलली तर पुन्हा. दिवसाला दहा मिनिटं, महिनोन्‌महिने. नेमबाजीतलं बहुतेक कौशल्य आवाज न करता येतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण ते खरं आहे.

दुसरा सराव मला त्याहून आवडतो. सिलिंडरमध्ये सहा घरं असतात. त्यातल्या तीन-चार घरांत खरी काडतुसं आणि बाकीच्यांत रिकामी किंवा नकली घालायची, न बघता सिलिंडर फिरवून बंद करायचं, आणि रेंजवर नेम धरून झाडायला लागायचं. पुढे काय येणार हे तुम्हाला माहीत नसतं. गोळी सुटली की धक्क्यात तुमची चूक लपून जाते. पण रिकाम्या घरावर घोडा पडला आणि नळी तरीही दचकून खाली गेली, की समजायचं, तुम्ही धक्का बसायच्या आधीच घाबरलात. शरीर खोटं बोलत होतं आणि रिकाम्या घराने ते पकडलं.

इथपर्यंत ही विद्या कुणालाही आवडावी अशीच आहे. संयम, एकाग्रता, स्वतःच्या भीतीकडे सरळ बघणं. यात वाईट काय?

*

शिवाय आता रिव्हॉल्व्हर हे तसं मागे पडलेलं हत्यार. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली तिचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि पुढे शतकभर तिचं राज्य होतं. पण १९८०-९०च्या दशकांत अमेरिकन पोलिसांनी एकामागून एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं घेतली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९३मध्ये. आज तिकडे हौसेने रिव्हॉल्व्हर शिकणाऱ्यांत असे बरेच असतात ज्यांना तिचं अवघडपणच आवडतं. लुइझियानाचा जेरी मिक्युलेक हा त्यातला सगळ्यात मोठा. १९९९ साली त्याने सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडून, ती पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या. सगळं मिळून २.९९ सेकंदांत. त्याचे शिकवण्याचे व्हिडिओ बघा. समोर एक हसरा काका आहे, जो बोटाची जागा, मुठीची उंची, मनगटाचा कोन समजावून सांगतोय. आपला तबलजी बोटं कशी ठेवायची ते सांगतो ना, अगदी तसा.

असे व्हिडिओ बघताना मनात जे वाक्य येतं ते आपण सगळेच कधी ना कधी बोललेलो असतो: कौशल्य तटस्थ असतं. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. दोष सुरीचा नाही, वापरणाऱ्याचा.

हे वाक्य फार जुनं आहे आणि त्यावरची शंकाही तितकीच जुनी. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस समोरच्याला पेचात पकडतो. जो पैसे राखण्यात तरबेज, तोच ते चोरण्यातही तरबेज असणार, नाही का? मग न्याय हेही एक कौशल्यच मानलं, तर न्यायी माणूस हा उत्तम चोर ठरेल! सॉक्रेटिसला दाखवायचं आहे ते हे की चांगुलपणा हे आणखी एक कौशल्य नाही. कौशल्याला दोन्ही दिशा उघड्या असतात. कुठल्या दिशेने जायचं हे ठरवणारं काहीतरी त्याच्या बाहेर असावं लागतं.

मला हे बरीच वर्षं पटत होतं. कौशल्य इकडे, निर्णय तिकडे. सरावाच्या वेळी मी फक्त हात घडवतोय. वेळ आली तर काय करायचं ते तेव्हा ठरवू.

मॅकगिव्हर्नचा आकडा या वाटणीलाच छेद देतो. 'वेळ आली' आणि 'गोळी सुटली' यांच्यात ठरवायला जागा उरलेलीच नाही. आणि ही जागा काढून टाकणं हाच तर सगळ्या सरावाचा हेतू होता! वेगाचा सराव म्हणजे विचाराला लागणारा वेळ वजा करत जाणं. म्हणजे निर्णय नाहीसा झाला असं नाही, तो मागे सरकला. तो आता सरावाच्या खोलीत होतो, भिंतीवरच्या ठिपक्यासमोर, कुणाचाही जीव धोक्यात नसताना.

*

हे आमच्या धंद्यातल्या माणसाला खरं तर लगेच कळायला हवं. मी मंगळवारी दुपारी चहा पीत एक 'इफ' लिहितो: अमुक झालं तर खातं गोठवा. तो शनिवारी रात्री अडीच वाजता चालतो, मी झोपलेला असताना. ज्याचं खातं गोठलं त्याला वाटतं, कॉम्प्युटरने ठरवलं. कॉम्प्युटरने काही ठरवलेलं नसतं. ते मंगळवारी ठरलं होतं, आणि ठरवताना मला ते 'ठरवणं' वाटलंही नव्हतं. फक्त काम वाटलं होतं.

सराव म्हणजे शरीरात लिहिलेला कोड. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की सरावात आपण नेमकं काय लिहितोय?

इथे पुस्तकांची नावंच बोलकी आहेत. मॅकगिव्हर्नने १९३८ साली आपलं पुस्तक काढलं. लोक त्याला 'फास्ट अँड फॅन्सी रिव्हॉल्व्हर शूटिंग' म्हणून ओळखतात. म्हणजे वेगवान आणि नखरेल. त्यात हवेत उडवलेल्या वस्तूंवर नेमबाजी आहे, विजेवर चालणारी वेळ मोजायची यंत्रं आहेत, एका छंदिष्टाचा सगळा आनंद आहे. पण मूळ नावाला एक शेपूट होतं: 'अँड पोलीस ट्रेनिंग'. खेळ आणि गोळीबार एकाच पुठ्ठ्यात. त्यानंतर १९६५मध्ये अमेरिकन बॉर्डर पेट्रोलमधल्या बिल जॉर्डनचं पुस्तक आलं, 'नो सेकंड प्लेस विनर'. दुसरा क्रमांक नसतो. खेळात दुसरा क्रमांक असतो, त्याला रौप्यपदक मिळतं आणि तो चार वर्षांनी परत येतो. जॉर्डन ज्या स्पर्धेबद्दल बोलतोय तिथून दुसरा येणारा घरी जात नाही. दोघेही मुठीबद्दल आणि चापाबद्दल लिहितात. हाताला दोघांतला फरक कळणार कसा?

मला वाटतं, थोडासा निशाण्यातून कळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, एस. एल. ए. मार्शल नावाच्या अमेरिकन लष्करी लेखकाने असा दावा केला की लढाईत प्रत्यक्ष शत्रूवर गोळी झाडणारे सैनिक चारांत एकसुद्धा नसतात. हा आकडा त्याने कसा काढला यावर पुढच्या इतिहासकारांनी चांगलेच आक्षेप घेतले, आणि तो आकडा म्हणून आज कुणी धरून चालू नये. पण १९५०च्या दशकात अमेरिकन लष्कराने नेमबाजीचं शिक्षण बदललं हे मात्र खरं. ठरावीक अंतरावरची गोल वर्तुळं जाऊन त्या जागी मैदानात अचानक उभे राहणारे आणि गोळी लागली की पडणारे माणसाच्या आकाराचे निशाणे आले. चाप तोच, खांदा तोच. बदललं ते एवढंच की हाताला कुठला आकार दिसला की सुटायचं.

खेळाच्या जगातही हा प्रश्न होता. ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात कितीतरी वर्षं माणसाच्या आकृतीचे निशाणे असत. आज तिथे गोल वर्तुळं आहेत. आयपीएससी नावाची जी वेगवान नेमबाजीची स्पर्धा जगभर चालते, तिच्या जुन्या पुठ्ठ्याला खांदे आणि डोकं असे. पण जिथे ते खटकतं अशा ठिकाणांसाठी त्यांनी बिनडोक्याचा, अष्टकोनी निशाणाही आणला. आणखी एक गोष्ट त्या खेळात आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. मध्येमध्ये 'नो-शूट' पुठ्ठे उभे केलेले असतात. त्यांना गोळी लागली की गुण कापले जातात. म्हणजे न झाडण्याचाही सराव, तोही घड्याळ चालू असताना.

आता याच्या उलट बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मी माझ्या सोयीचीच उदाहरणं देतोय असं होईल. करोली ताकाच हा हंगेरीच्या सैन्यातला नेमबाज. १९३८मध्ये सदोष हातबॉम्ब हातात फुटला आणि त्याचा उजवा, नेमबाजीचा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने शून्यापासून सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये त्याच रॅपिड फायर प्रकारात सुवर्ण जिंकलं. तेव्हा समोर माणसाच्या आकृत्याच होत्या. ताकाचचं डावं बोट माणसाचा आकार दिसला की सुटायला शिकलं होतं असं म्हणून त्याला मोडीत काढायचं का? मुळीच नाही. त्या आकृतीत त्याला बहुधा माणूस दिसतच नसेल, त्याला आपला हात परत मिळताना दिसत असेल.

तेव्हा निशाण्याचा आकार सगळं ठरवत नाही. पण 'काहीच ठरवत नाही' असं म्हणायलाही जागा राहत नाही. नाहीतर लष्कराने आपले निशाणे बदलायचे कष्ट कशाला घेतले असते, आणि ऑलिंपिकने तरी का?

*

हा सगळा विचार माझ्यापुरता वाचनातलाच राहिला असता. तो घरात आला ऑगस्ट २०२४मध्ये. माझी ताई डॉक्टर आहे, तेव्हा ती एका रुग्णालयात रेसिडेंट होती, आणि कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातली बातमी नुकतीच आली होती. एका रात्री ड्यूटीवरून तिचा फोन आला.

"तू ते पिस्तूलचं करतोस ना, मला शिकव."

मी म्हटलं, "ताई, ते छर्‍याचं पिस्तूल आहे. दहा मीटरवर कागदाला भोक पडतं."

"मग खरं शिकायचं. रिव्हॉल्व्हर असते ना बायकांसाठी?"

तिला 'निर्भीक' म्हणायची होती. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने काढलेली पॉइंट ३२ बोअरची हलकी रिव्हॉल्व्हर, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीतल्या २०१२च्या घटनेनंतर आलेली, आणि नाव निर्भयावरून सुचलेलं. मी तिला किंमत सांगितली, परवान्याचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला कुणाला मारायला शिकायचं नाहीये रे. मला फक्त घाबरायचं नाहीये."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. कारण हत्यार शिकणाऱ्या सगळ्यांना बहुतेक हेच हवं असतं. आणि हे एवढंच सुटं मिळत नाही. हत्यार शिकवणारे जे नियम आधी घोकून घेतात ते जेफ कूपर या अमेरिकन शिक्षकाने बसवलेले. हत्यार कायम भरलेलंच समजा. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. कशावर झाडताय आणि त्याच्या मागे काय आहे हे नक्की ओळखा. आणि उरलेला एक: जे नष्ट करायची तुमची तयारी नाही, त्याच्यावर नळी कधीही रोखू नका.

तो शेवटचा नियम सुरक्षेचा म्हणून शिकवतात. पण उलटा वाचला तर तो एक प्रश्न आहे. ज्याच्यावर रोखणार, त्याला नष्ट करायची तयारी आहे का? आणि या तयारीला 'वेळ आल्यावर बघू' चालत नाही. ती नसेल तर हातातलं हत्यार फक्त समोरच्याला एक हत्यार मिळण्याची सोय आहे. म्हणजे ताईला घाबरायचं नसेल तर तिने आधीच, शांतपणे, कुठल्या तरी रविवारी सकाळी, हे ठरवलेलं असायला हवं की अमुक परिस्थितीत माझा हात एका माणसाचा जीव घेईल, आणि मग तो हात तसा घडवायला हवा. रोज दहा मिनिटं. ज्या हाताने ती दिवसभर नाडी बघते त्याच हाताने.

मी हे तिला असंच सांगितलं. नको म्हणालो नाही. स्वसंरक्षण हा हक्क आहे, कायद्यानेही, आणि ज्या बाईने ही तयारी विचारपूर्वक केली आहे तिला दहा मीटरवरून कागदाला भोकं पाडणाऱ्या माणसाने नीती शिकवू नये. मी एवढंच म्हटलं की हे शिकणं म्हणजे छत्री घेऊन ठेवणं नव्हे. शिकायचं म्हणजे आत्ताच निम्मं उत्तर देऊन ठेवायचं.

ती एका शनिवारी क्लबात आली. पहिल्या दहा गोळ्यांत तीन कागदाबाहेर गेल्या, मग हात बसला. तिला ते मनापासून आवडलं. निघताना म्हणाली, "छान आहे हे. पण त्या कॉरिडॉरशी याचा काही संबंध नाही." मग तिने आणि तिच्याबरोबरच्यांनी मागे लागून ड्यूटी रूमला आतून कडी आणि कॉरिडॉरमध्ये दिवे बसवून घेतले. त्यांना सात आठवडे लागले. मला वाटतं, कडी हासुद्धा आधी घेतलेला निर्णयच आहे, फक्त तो कुणाच्या बोटावर सोडलेला नाही. दिवे आणि कड्या वेळेवर मिळाल्या असत्या तर किती जणींना हा रिव्हॉल्व्हरचा प्रश्न पडलाच नसता, तेही मनात येतं.

*

काही जण म्हणतील, एवढा काथ्याकूट कशाला? पुरेसा खोल सराव केला की माणूस आपोआप शांत होतो, शांत माणूस चुकीची गोळी झाडत नाही. ही समजूत फार लोकप्रिय आहे. तिच्यामागे एक पुस्तक आहे, 'झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी'. युजेन हेरिगेल हा जर्मन तत्त्वज्ञ १९२०च्या दशकात जपानमध्ये शिकवायला गेला, तिथे त्याने आवा केन्झो या गुरूकडे धनुर्विद्या शिकली आणि १९४८ साली त्याबद्दल लिहिलं. बाण 'मी' सोडायचा नाही, तो आपोआप सुटला पाहिजे. 'मी' गळून पडला पाहिजे. जगभरच्या नेमबाजांनी, खेळाडूंनी, आणि हो, प्रोग्रामरनीही हे पुस्तक डोक्यावर घेतलं.

पुस्तकात नाही ते असं की जर्मनीत परतलेला हेरिगेल १९३७मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला आणि महायुद्धाच्या अखेरीस एर्लांगेन विद्यापीठाचा रेक्टर होता. बाणापुरता त्याचा 'मी' गळून पडलाही असेल. पण 'मी' गळाल्यावर बाण कुठल्या दिशेने जातो, याचं उत्तर त्या शांततेत नव्हतं. सॉक्रेटिसची शंका पुन्हा समोर येते. खोल सरावाने हात शांत होतो, माणूस चांगला होतोच असं नाही.

याबाबतीत मला महाभारत जास्त खरं वाटतं. सौप्तिक पर्वात शेवटी अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही एकमेकांसमोर तेच महाभयंकर अस्त्र सोडतात. जग जळायची वेळ येते तेव्हा व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि म्हणतात, आवरा. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. विद्या दोघांना एकाच गुरूने दिलेली. मुलाच्या हट्टापुढे नमून द्रोणाने, मनात नसताना, त्याला अस्त्र दिलेलं. अश्वत्थाम्याला सोडता येतं, आवरता येत नाही. मग तो ते पांडवांच्या गर्भांकडे वळवतो. दोघांत कमी कौशल्य कोणाकडे होतं, असं विचारलं तर उत्तर सरळ आहे. परत घेणं हा त्या विद्येचाच भाग होता आणि अश्वत्थाम्याचं शिक्षण अर्धं होतं.

द्रोणाचार्यांवरून एकलव्य आठवणारच. व्हिडिओ बघून शिकणारे आम्ही सगळे एकलव्यच. गुरूला आमचं नावही माहीत नसतं. द्रोणाने एकलव्याला त्याचं कूळ बघून नाकारलं, तो अन्याय होता, त्याचं समर्थन नकोच. आज मॅकगिव्हर्नचं पुस्तक कुणालाही उघडता येतं आणि ते कुणाची जात विचारत नाही, हे चांगलंच आहे. पण जो शिक्षक समोर असतो तो आणखी एक गोष्ट बघू शकतो जी पुस्तक बघू शकत नाही. आमच्या क्लबातले सर नवीन मुलांना पहिले काही आठवडे गोळीच देत नाहीत. नुसतं पिस्तूल उचलायचं, नेम धरायचा, आणि नेम हलतोय असं वाटलं की न झाडता खाली ठेवायचं. पुन्हा उचलायचं. मुलं कंटाळतात. काही सोडून जातात. सर म्हणतात, "ज्याला खाली ठेवता येत नाही त्याला मी भरायला देणार नाही." पुस्तक हे म्हणू शकतं. पण म्हणून हातातून काढून घेऊ शकत नाही. म्हणजे ज्याला गुरू नाही त्याला हे काम स्वतःच करावं लागणार, आणि ते कुठल्याही रेकॉर्डपेक्षा अवघड आहे.

मॅकगिव्हर्नच्या पाच गोळ्यांबद्दल मला अजूनही कौतुकच आहे. त्या माणसाने बोटाच्या हालचालीचा इतका मागोवा घेतला की वेळ मोजायला वेगळी यंत्रं जुळवावी लागली. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकते तेव्हा मलाही आनंद होतो. त्या प्रकाराच्या वेगवान टप्प्यात तीन सेकंदांत हात वर न्यायचा, एक गोळी झाडायची, आणि पुढचे सात सेकंद हात खाली ठेवून थांबायचं असतं. पाच गोळ्यांत झाडायला पंधरा सेकंद मिळतात आणि थांबण्यात त्याहून जास्त जातात. टीव्हीवर आपल्याला फक्त गोळी दिसते.

म्हणून 'कौशल्य तटस्थ असतं' हे वाक्य मी आता वापरत नाही. कौशल्य वाईट असतं असंही म्हणत नाही. मी एवढंच बघतो की या सरावामुळे माझ्या हाताला काय सोपं होत चाललं आहे, आणि ते सोपं झालेलं मला चालणार आहे का. हे पिस्तुलाला लागू आहे, तसं जिभेलाही. रोज कुणाला तरी दोन सेकंदांत टोचून बोलायचा सराव आपण सगळेच फोनवर करत असतो आणि मग एक दिवस ते आईला बोलून जातो. तेव्हा आपण म्हणतो, तोंडातून निघून गेलं. ते तेव्हा निघालेलं नसतं, त्याआधी हजार वेळा तयार झालेलं असतं.

सध्या माझा सराव असा आहे: दर दहा वेळा पिस्तूल उचललं की त्यातल्या तीन वेळा, नेम अगदी बरोबर बसलेला असतानाही, न झाडता खाली ठेवायचं. गुणांच्या दृष्टीने याचा काही फायदा झालेला नाही. सर म्हणतात, ते तीन मोजत जा.